साळीची ऊब

नवरात्राच्या आगेमागे एखाद्या सकाळी आमच्या व्यंकटरावांना ओळीने सात-आठ शिंका येतात आणि मला कळतं, कुरुवै कापायला आली. कुरुवै म्हणजे आमच्या कावेरीकाठचं भाताचं घाईचं पीक. जूनमध्ये लावायचं आणि मोठा पाऊस यायच्या आत कापून मोकळं व्हायचं. महाराष्ट्रात पाऊस आवरतं घेतो तेव्हा आमच्या कुंभकोणमला तो कंबर कसतो, त्यामुळे हे दोन-तीन आठवडे इथे प्रत्येकाचा एक डोळा आभाळाकडे असतो. शिवारात कापणीयंत्र फिरतं, दाण्यांच्या टोकांचं बारीक कूस उडतं आणि जाळ्या, दुहेरी काचा, एसीचे फिल्टर असल्या सगळ्या बंदोबस्तातून वाट काढत बरोबर आमच्या यजमानांच्या नाकात शिरतं. ते गोळी घेतात, गळ्याला मफलर गुंडाळतात आणि म्हणतात, "आलं पहा तुझं पीक." चार वर्षांपासून ते त्याला माझं पीक म्हणतात. त्यात थोडी चेष्टा असते, थोडी काळजीही असते.

आम्ही राहतो ते नगर गावाबाहेर, स्वामिमलैच्या रस्त्याला लागून आहे. तीसएक घरं, सगळी आमच्यासारख्या पन्नाशी ओलांडलेल्यांची. कुणाचं औषधांचं दुकान, कुणाचं कापडाचं, कुणी दुबईला वीस वर्षं काढून आलेले. प्रत्येक घरापुढे गुळगुळीत ग्रॅनाइटचा ओटा, ओट्यावर झोपाळा आणि झोपाळ्यावर कुणीही नाही. मुलं बंगळूरला, नाहीतर आणखी लांब. सकाळी साडेपाचला सगळे पांढरे बूट घालून चालायला निघतात. बोलण्याचे विषय साखर, गुडघे आणि मुलांचे व्हिसा. कुणी कुणाशी भांडत नाही, कुणी मोठ्याने बोलत नाही, कचरा दोन डब्यांत वेगळा होतो. गावातल्या गल्लीत तीस वर्षं भांड्यांच्या ठोकठोकीत काढल्यावर मला ही शांतता फार आवडली. अजूनही आवडते, ते लपवून काय करायचं?

आमचे पूर्वज तंजावरच्या दरबारामागे इकडे आले. दरबार गेला, कारकुनी गेली, पुढे कुणीतरी पितळी समयांचं दुकान काढलं, ते व्यंकटराव अजून चालवतात. घरात मराठी, फाटकाबाहेर तमिळ. पुण्याचे पाहुणे येतात तेव्हा आमची मराठी ऐकून हसू दाबतात. जुन्या पत्रात लिहिल्यासारखं बोलता, म्हणतात. 'सगळे'ला 'अस्के' का म्हणता, विचारतात. असू दे. साळीला साळ म्हणणारे आता त्यांच्याकडे तरी किती राहिलेत?

तर साळ, म्हणजे टरफलासकटचा तांदूळ. आमच्या नगरातले रस्ते सिमेंटचे, रुंद आणि कोरडे ठणठणीत. त्यावरून दिवसाला मोजक्या गाड्या जातात. राहायला आलो त्या पहिल्याच वर्षी, कापणीच्या दिवसांत एका सकाळी मी दार उघडलं तर आमच्या फाटकापासून कोपऱ्यापर्यंत रस्ता पिवळा झालेला होता. हातभर रुंद वाट सोडून बाकी सगळीकडे साळ पसरलेली. तिच्या मधोमध एक बाई साडी खोचून, अनवाणी, पाय न उचलता चालत होती. पाय ओढत एका टोकाला जायची, वळून परत यायची. तिच्या मागे साळीत दोन-दोन रेघा उमटत, खालची ओली साळ वर येई. वास असा की मी हातातला कॉफीचा पेला तसाच धरून उभी राहिले. ओलं गवत, ऊन आणि कोंडा यांचा एकत्र वास. लहानपणी पापनाशम्‌ला आजोळी जाताना बसच्या खिडकीतून यायचा, तोच.

"अम्मा, तुमची गाडी कधी निघते?" तिने विचारलं. तिचं तमिळ मी इथे मराठीत लिहिते आहे. "वेळ सांगितलीत तर चाकांपुरती वाट करून ठेवीन."

ती सेल्वी. इन्नंबूरची, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असेल. स्वतःचं शेत, स्वतःचा ट्रॅक्टर, नवऱ्यापेक्षा आवाज मोठा. मी विचारलं, इतक्या लांब इथे कशाला येतेस? ती हसली. "मी नाही अम्मा, तुम्ही आलात. आमचं खळं इथेच होतं. तुमच्या या झोपाळ्याच्या जागी माझी सासू मळणी करायची." हे तिने काही टोचून बोलायचं म्हणून सांगितलं नाही. पूर्वी इथे पोस्ट होतं असं सांगावं, तितक्या सहज सांगितलं. जागा विकली ती गावानेच, खुशीने विकली होती. पण साळ वाळवायची ती इथे, ही पायांची सवय गेली नव्हती.

पुढच्या दोन हंगामांत आमची ओळख वाढली. ती फाटकाशी टेकून कॉफी प्यायची. आमच्या फिल्टर कॉफीला "पातळ आहे" म्हणणारी कुंभकोणममधली ती एकटीच. मी तिला साळ दातांखाली धरायला शिकवायला लावलं. कट्‌ असा आवाज आला की वाळली, नाहीतर नाही. मला प्रत्येक दाणा कट्‌ वाजल्यासारखा वाटे आणि ती हसून म्हणे, "अम्मा, तुमचे दात भाताचे आहेत, साळीचे नाहीत."

बाकीच्यांना मात्र हे रुचत नव्हतं. शेजारच्या जयंती मॅडम कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या, स्वभावाने लोण्यासारख्या, पण त्यांच्या अंगाला कुसाने खाज सुटे. कुणाच्या नव्या गाडीच्या चाकात दाणे अडकत, कुणाच्या पांढऱ्या बुटांत जात, चिमण्या येऊन ओटे घाण करत. गंमत अशी की याच घरांतून पारंपरिक तांदळाचं भारी वेड होतं. कुणी लाल तांदूळ आणतं, कुणी हातसडीचा. साखर ताब्यात राहते म्हणे. पाकिटावर नांगर धरलेल्या शेतकऱ्याचं चित्र असतं. मीही आणत होते. साळ पाकिटात असेपर्यंत आम्हा सगळ्यांना ती फार प्रिय होती.

चार वर्षांपूर्वीच्या हंगामात शेवटी सभा झाली. आमच्याच गच्चीवर, दिवेलागणीला, बोंडे आणि कॉफी ठेवून. रागाने कुणीच बोललं नाही. आमच्याकडे वाईट निर्णयही फार गोड आवाजात होतात. नगराच्या तोंडाशी लोखंडी गेट बसवायचं आणि या वर्षीची साळ उचलली की पुढे येऊ नका असं त्या बाईला सांगायचं, असं ठरलं. सेक्रेटरी व्यंकटराव. पाहुणे गेल्यावर कपबशा गोळा करत ते मला म्हणाले, "अस्के मलाच सांगून गेले. पण तू सांग की तिला. तुझी ओळख अहे."

"तुम्ही सेक्रेटरी की मी?" मी म्हटलं.

"मी सेक्रेटरी. पण माझ्यानं ते व्हायचं नै," म्हणाले आणि कपबशा घेऊन आत गेले. पितळेच्या गिऱ्हाइकाशी अर्धा दिवस घासाघीस करणारा हा माणूस, पण एका बाईला नाही म्हणायचं तर त्यांचा घसा बसतो. मी म्हटलं, साळ उचलून होऊ दे, मग सांगते.

दुसऱ्या दिवशी सेल्वीने साळ पसरली, नेहमीपेक्षा जास्त. दुपारी ती खरेदी केंद्रावर नंबर लावायला गेली, तिथे ओली साळ घेत नाहीत म्हणून ही सगळी यातायात. ती गेली आणि तासाभरात पूर्वेकडून आभाळ काळं झालं.

त्यानंतरचा अर्धा तास आठवला की अजून मला हसू येतं, आणि लगेच जातं. प्रथम मी झाडू घेऊन धावले. मग जयंती मॅडम नायटीवर ओढणी घेऊन आल्या, मग कापडवाले, मग दुबईवाले हाफ पँटमध्ये. वामकुक्षी सोडून पंधरा-वीस माणसं. कुणी सुपल्या आणल्या, कुणी फरशी पुसायचे वायपर. साळ लोटत लोटत आम्ही तिचे तीन मोठे ढीग केले. झाकायला काय? दुबईवाल्यांनी आपल्या गाडीचं कव्हर काढून आणलं. मग सगळ्यांनीच आणली. चांगली जाड, चंदेरी, आतून मऊ कव्हरं. पाण्याचा थेंब आत जाणार नाही अशी आम्ही ती ताणून बसवली आणि कडेने कुंड्या ठेवल्या. शेवटची कुंडी ठेवली आणि पाऊस कोसळला. आम्ही सगळे भिजलो, शाळकरी मुलांसारखे हसत होतो. व्यंकटराव एकदाही शिंकले नाहीत. जयंती मॅडमनी सर्वांना आल्याचा चहा केला, फोटो निघाले, ग्रुपवर गेले, लांबच्या मुलांनी टाळ्या पाठवल्या. इतक्या वर्षांत आम्ही शेजारी म्हणून एकत्र केलेलं ते पहिलं काम असेल. मला तर वाटलं, आता गेटचं कुणी काढणार नाही.

सेल्वीचा फोन आला. पाण्याने रस्ता तुटला होता, केंद्रावर त्यांची दुसरी पोती उघड्यावर होती, ती सोडून तिला येता येत नव्हतं. मी तिला सगळं सांगितलं, थोडं फुशारकीनेच. ती म्हणाली, "देवाने भलं करावं तुमचं, अम्मा. फक्त एक करा. पाऊस थांबला की कव्हर थोडं उघडा. वारं लागू द्या." मी म्हटलं, हो, काळजी करू नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला पाऊस थांबला. मी बाहेर गेले. कोपऱ्यावरची कुंडी सरकवली, कव्हर उचललं, साळीत कोपरापर्यंत हात घातला. आत ऊब होती. छान, दाट, अंथरुणातून नुकतंच कुणी उठून गेल्यावर असते तशी. बाहेर गारठा, सगळीकडे चिखल आणि आत ही ऊब. मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, किती छान राहिली आहे, कोरडी, गरम. आता उघडून गार कशाला करायची? आभाळ पुन्हा भरत होतं. मी कव्हर होतं तसं ओढलं, नीट खोचलं, कुंडी ठेवली आणि आत जाऊन व्यंकटरावांना म्हणाले, "अस्की साळ बरी अहे." ते म्हणाले, "बरं झालं." आम्ही इडल्या खाल्ल्या.

तिसऱ्या सकाळी ऊन पडलं आणि सेल्वी आली. तिने पहिलं कव्हर ओढलं. आंबूस वास आला, वाफ आली. वरची साळ ठीक होती, आतली काळवंडलेली, चिकट आणि प्रत्येक दाण्याला पांढरा, बारीक मोड. आमच्याकडे मूग भिजवल्यावर येतो तसा. तिन्ही ढिगांत तेच. ओली साळ झाकून ठेवली की आतल्या आत तापते, कुजते, ती ऊब म्हणजे तिचा ताप असतो, हे इन्नंबूरच्या कोणत्याही पोरीला माहीत आहे. आमच्या नगरात ते कुणालाच माहीत नव्हतं. डिग्र्या मात्र प्रत्येक घरात दोन-दोन होत्या.

सगळे जमले. जयंती मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. सेल्वी बसली, मूठभर साळ नाकाशी धरली, खाली टाकली. म्हणाली, "ऊब लागायला लागली तेव्हाच उघडायला हवं होतं." मग आमच्या तोंडांकडे पाहून तीच म्हणाली, "पावसापुढे कुणाचं काय चालतं? तुम्ही भिजलात, तेवढं कोण करतं?" व्यंकटराव पाकीट घेऊन पुढे झाले, तिने हात जोडून ते परत केलं. मी तिथेच उभी होते, तिच्यापासून दोन हातांवर. ऊब लागली होती आणि मी ती पाहून परत झाकली होती, एवढंच वाक्य मला बोलायचं होतं. ते मी बोलले नाही. तिने ती साळ ट्रॅक्टरमध्ये भरून गुरांसाठी नेली. आम्ही रस्ता धुतला.

गेट बसलं. पुढच्या वर्षी सेल्वी आली नाही. तिला नको सांगायची वेळ माझ्यावर आलीच नाही आणि त्याचं मला बरं वाटलं, हे इथे लिहिताना लाज वाटते. रस्ते स्वच्छ राहिले. पहाटेच्या फेऱ्या सुरू राहिल्या. पण कुरुवैच्या दिवसांत मला ओट्यावर बसवत नसे. कव्हर घातलेली गाडी पाहिली की हाताला ती ऊब आठवे. लाल तांदळाचं पाकीट आणणं मी बंद केलं, व्यंकटरावांनी कारण विचारलं नाही. त्यांना मी त्याच संध्याकाळी खरं सांगितलं होतं. ते म्हणाले होते, "मला सांगून काय उपयोग? तिला सांगाचं होतं."

ते आठवतच यंदा पहिली शिंक आली तशी मी गाडी काढली आणि इन्नंबूरला गेले. फार लांब जावं लागलं नाही. गावाच्या अलीकडेच मोठ्या रस्त्याच्या अर्ध्या भागात साळ पसरलेली होती, कडेने दगड आणि बाभळीच्या फांद्या लावलेल्या. शेजारून बस गेली की वाऱ्याने साळ उडत होती. सेल्वी तिथे, डोक्याला टॉवेल गुंडाळून, पाय ओढत चालत होती. एक लॉरी इतकी जवळून गेली की मी डोळे मिटले. ती नुसती एका बाजूला झाली.

"अम्मा! वाळल्यात अगदी," तिने मला पाहून म्हटलं. साळीचाच शब्द तिने मलाही लावला.

मी ठरवून आलेलं सगळं विसरले आणि एका दमात बोलले. "सेल्वी, त्या वर्षी मी कव्हर उघडलं होतं. हात घातला होता. ऊब लागली. मला वाटलं चांगलं आहे. मी पुन्हा झाकलं. तुला सांगितलं नाही."

ती थांबली. पायांनी केलेली रेघ अर्धी राहिली. मग म्हणाली, "माहीत आहे मला."

"कसं?"

"कोपऱ्यावरची कुंडी. जुन्या जागी रस्त्यावर तिचा गोल ठसा होता आणि कुंडी वीतभर बाजूला. कव्हर नीट खोचलेलं. तुमच्याशिवाय इतकं नीट कोण खोचतं?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते," ती म्हणाली. "दुसऱ्या वर्षी ट्रॅक्टर घेऊन वळणापर्यंत आले होते. गेट पाहिलं आणि परत फिरले. म्हटलं, अम्मांना आता बोलायचंच नाही."

मला रडू आलं. भर रस्त्यात, बसमधले लोक पाहत असताना. तिने माझी समजूत घातली नाही, रागावलीही नाही. रडून होईपर्यंत फांद्या नीट करत राहिली. मग म्हणाली, "उरलेली सगळी आज कापून होईल. या रस्त्यावर जीव मुठीत धरून करावं लागतं. तुमचं गेट उघडतं का?"

मी हो म्हटलं. कुणाला न विचारता.

घरी येऊन व्यंकटरावांना सांगितलं. ते म्हणाले, "सभा बोलवावी लागेल."

"बोलवा. तोवर गेट उघडं राहू दे."

ते शिंकले, त्यांनी नाक पुसलं आणि खुंटीवरचा गेटचा रिमोट काढून माझ्या हातात ठेवला. सभेत पुन्हा ग्रॅनाइट, चिमण्या, टायर हे सगळं निघालं. मी सगळ्यांसमोर त्या उबेची गोष्ट सांगितली. शेवटी जयंती मॅडमनी विचारलं, "मी गाडी किती वाजेपर्यंत बाहेर काढून ठेवू?" त्यानंतर गेट बंद करायचा विषय कुणी काढलाच नाही.

काल सकाळी रस्ता पुन्हा पिवळा झाला. पांढरे बूट कडेकडेने गेले. व्यंकटराव दारातच थांबले, बूट-मोजे काढले आणि मफलर नाकावर बांधून दोन रेघा ओढून आले. सेल्वी म्हणाली, "साहेब, पाय उचलू नका, ओढा." जयंती मॅडम अंग खाजवत ओट्यावर बसल्या होत्या, ही साळ कोणत्या जातीची म्हणून विचारत होत्या. दुपारी एक सर आली. सेल्वीने आधीच हवा पाहून ढीग केले होते आणि ताडपत्री घातली होती. आमची कव्हरं कुणी काढली नाहीत. अर्ध्या तासात ऊन पडलं. ती रस्त्याच्या पार दुसऱ्या टोकाला पाण्याला वाट करून देत होती. मी माझ्या फाटकासमोरच्या ढिगाशी गेले, ताडपत्रीचा कोपरा उचलला, हात आत घातला.

आत ऊब होती. उन्हाची की तापाची, मला अजूनही कळत नाही. मी हात तसाच आत ठेवून सेल्वीला हाक मारली.